भाऊसाहेबांची बेल

भाऊसाहेब खरातांना कुणी बोलावलं आणि ते जागचे हलले नाहीत, असं चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही झालं नव्हतं. भाऊसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव, बरं का. नगर जिल्ह्यात असली नावं घरोघरी. पण दिल्लीत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, हे कुणीतरी बडे अधिकारी असणार. अधिकारी कसले! कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहाच्या स्वागतकक्षात ते बसत. बसत म्हणायचं आपलं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा त्यांच्या खुर्चीची गादी नव्यासारखी होती.

काउंटरवर एक बेल होती आणि शेजारी टेलिफोन. खोलीतून पाहुण्याने बटण दाबलं की बेल वाजायची, आणि बेल वाजली की भाऊसाहेब उठायचे. गरम पाणी येत नाही, उठा. गाडी आली नाही, उठा. पोहे नकोत, उपमा हवाय. उपमा ठीक आहे, पण त्यातला कढीपत्ता काढून द्या. उठा! भाऊसाहेब कधी कंटाळले नाहीत हो. उलट दुसरी रिंग वाजायच्या आत फोन उचलतो याचा त्यांना केवढा अभिमान! मुंबईहून आलेले पाहुणे एकमेकांना सांगायचे, "काही लागलं तर सरळ खरातांना सांगा." हे कानावर पडलं की त्या दिवशी भाऊसाहेबांना जेवणसुद्धा सुचायचं नाही.

मग निवृत्ती आली. हार झाले, शाल झाली, भाषणं झाली. सगळे म्हणाले, आता आराम करा. भाऊसाहेब म्हणाले, हो हो, करतो. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात जो काही प्रकार सुरू झाला, तो त्यांच्या बायकोने, हेमलताबाईंनी, दीड वर्ष सोसला.

हेमलताबाई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांची नोकरी अजून तीन वर्षं होती, म्हणून सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर अजून हाताशी होतं. त्या क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी झाली की भाऊसाहेब ताडकन उभे. मायक्रोवेव्हने टुंग केलं, उभे. शेजारच्या गुप्तांचा फोन वाजला, तरी हे उभे! मेट्रोत तर फारच पंचाईत. दर स्टेशनला दरवाजा उघडताना टिंगटिंग वाजायचं, दर स्टेशनला हे उठून उभे राहायचे आणि दर स्टेशनला त्यांची जागा दुसरं कुणीतरी पटकावायचं.

सुरुवातीला घरात हसण्यावारी गेलं. पण हसणार तरी किती? झोप उडाली. छातीत धडधड व्हायला लागली. कपबशी हातात धरली की बशी वाजायची, आणि ती वाजली की पुन्हा दचकायचं. ईसीजी काढला, तो स्वच्छ. रक्त तपासलं, तेही उत्तम. डॉक्टर म्हणाले, "खरातजी, आपको कुछ नहीं है," आणि त्या 'कुछ नहीं'चं काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं असंच चालून गेलं असतं, पण मध्ये सृष्टी आली.

सृष्टी म्हणजे त्यांची नात. मुलगी रेवती गाझियाबादला वैशालीत राहायची. ती आणि जावई अंशुमन, दोघंही नोकरी करणारे. पोरगी झाली त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. रेवतीची रजा संपली की सृष्टीला सांभाळायचं काम आपलं. पाळणाघर नको, बाई नको, कुणी नको. रेवती लहान असताना ते घरी कधी असायचे? तिच्या पाचव्या वाढदिवसाला केकवर मेणबत्ती पेटली आणि तेवढ्यात अतिथिगृहातून फोन आला. ते परतले तेव्हा पोर झोपलेली आणि केकचा एक तुकडा ताटलीखाली झाकलेला. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण नातीच्या वेळी तरी आपण घरी असू, एवढं त्यांना हवं होतं. देवाकडे दुसरं काही मागणंच नव्हतं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. सप्टेंबरमधली गोष्ट. तीन महिन्यांची सृष्टी आजोबांच्या मांडीवर, आजोबा दिवाणावर, रेवती समोर कपड्यांच्या घड्या घालतेय. कुणीतरी कुरिअर घेऊन आलं आणि त्याने दाराची बेल दाबली. भाऊसाहेब उठले. म्हणजे विचार करून उठले नाहीत. बेल वाजली आणि उठले. मांडीवरची पोर घसरली ती थेट घड्या घातलेल्या दुपट्यांच्या ढिगावर. खरचटलंदेखील नाही. टुकुटुकु बघत राहिली फक्त. पण रेवतीचा चेहरा पांढराफटक पडला.

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती ओरडली नाही. तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "बाबा, राग मानू नका. पण तिला तुमच्याजवळ एकटं ठेवायची भीती वाटते मला. मी पाळणाघर बघतेय."

भाऊसाहेब "बरोबर आहे बाळा" म्हणाले आणि चपला घालून निघाले. वैशालीपासून सरोजिनी नगरपर्यंत ते उभ्याने आले, आणि त्या दिवशी निम्मी गाडी रिकामी होती.

हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फाइलवर शेरा मारावा तसा त्यांनी निकाल दिला. "अहो, तुमच्या छातीत काही नाही. जे आहे ते वर आहे. लाजपत नगरला आमच्या ऑफिसातल्या एकीची भाची समुपदेशन करते. तनया नाव तिचं. शनिवारी जायचं."

"मी काय वेडा आहे?"

"वेडे असता तर निदान मजेत तरी राहिला असता. शनिवारी जायचं म्हटलं ना!"

तनया तिशीतली, करोल बागेत वाढलेली मराठी मुलगी. मराठी छान बोलायची, पण अधूनमधून शब्द सापडेनासा झाला की हिंदीतला उचलून पुढे जायची. पहिल्या दोन भेटी नुसत्या बोलण्यातच गेल्या. मग ती म्हणाली, "काका, बोलणं चालूच ठेवू आपण. त्याच्यासोबत एक गोष्ट करून बघू या. न्यूरोफीडबॅक. डोक्याला सेन्सर लावायचे. करंट वगैरे काही आत जात नाही, बिल्कुल नाही; ते फक्त ऐकतात, तुमचा मेंदू काय करतोय ते. कॉम्प्युटर ते तुम्हाला परत सांगतो. सगळ्यांना उपयोग होतोच असं मी म्हणणार नाही, जादू तर मुळीच नाही. पण प्रॅक्टिसने खूप लोकांना निवांत होणं जमतं."

प्रॅक्टिस म्हटल्यावर भाऊसाहेब सरसावले. मेहनतीला त्यांनी कधी ना म्हटलंय?

त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा सफारी घालून, खोबरेल तेलाने केस चापूनचोपून गेले. साहेबांसमोर जायचं तर कसं जाणार? तनयाने सेन्सर लावला, तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरून थेट कानावर आला. "काका, तेल!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. मग टिश्यूने डोकं पुसण्याचा कार्यक्रम झाला, चिकट पेस्ट लागली, दोन्ही कानांच्या पाळ्यांना चिमटे बसले. आरशात स्वतःला बघून भाऊसाहेबांना आपण दुरुस्तीला आलेल्या रेडिओसारखे दिसतोय असं वाटलं.

"आता डोळे मिटून आरामात बसायचं," तनया सांगू लागली. "स्क्रीन माझ्याकडे आहे, तुम्हाला काही बघायचं नाही. काही करायचंही नाही. मध्ये मध्ये बेल वाजेल. बेल वाजली की समजायचं..."

आणि तेवढ्यात बाहेरच्या टेबलावरचा फोन खणखणला.

तिथली मुलगी चहा आणायला खाली गेली होती. पण चौतीस वर्षांची सवय ती! तनयाला काही कळायच्या आत भाऊसाहेब कानाला वायर लोंबकळत असलेल्या अवस्थेत बाहेर. "नमस्कार, बोलिए. जी. जी हाँ. मंगलवार, साढ़े ग्यारह बजे. शुभ नाम? लिख लिया जी." चिठ्ठी लिहून, पेन जागेवर ठेवून ते परत आले. तनयाला हसावं की रडावं कळेना. तिने वायरी पुन्हा लावल्या. "तर समजलं ना काका?"

"समजलं," भाऊसाहेब म्हणाले.

आता काय समजलं होतं? काहीही समजलं नव्हतं. महत्त्वाचं वाक्य फोनमध्ये गेलं होतं. पण वरिष्ठाने 'समजलं ना' विचारलं की 'नाही' म्हणायचं नसतं, हे सरकारी नोकरीतल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवून घेतलं. बेल वाजते म्हणजे काय? म्हणजे काहीतरी कमी पडलंय. कुठेतरी आपलं चुकतंय. तेव्हा नीट वागायचं आणि बेल वाजू द्यायची नाही. सोपं आहे की!

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत बेल अकरा वेळा वाजली, आणि अकराही वेळा भाऊसाहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरून स्वतःला बसवून ठेवलं. भाऊसाहेब शरमले. घरी जाऊन त्यांनी सराव चालू केला. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत ताठ बसायचं, दातावर दात, मुठी आवळलेल्या, डोक्यात येईल तो विचार तिथेच दाबायचा. हेमलताबाई चहा घेऊन आल्या की विचारायच्या, "पोटात दुखतंय का?"

"निवांत होतोय," भाऊसाहेब दातांमधून म्हणायचे.

दुसऱ्या वेळी बेल सात वेळा वाजली. मग पाच. मग तीन. भाऊसाहेबांची छाती फुगत चालली, आणि तिकडे तनयाचा चेहरा उतरत चालला. बेल सहज वाजावी म्हणून तिने कॉम्प्युटरवरची पट्टी खाली आणली, आणखी खाली आणली. तरी आकडा घसरतच होता. रात्रीची झोप आधी चार तास होती, ती तीनवर आली. "काका, काही त्रास होतोय का?" ती विचारायची. भाऊसाहेब म्हणायचे, "छे, छे! प्रगती आहे." तिला वाटायचं, किती सकारात्मक पेशंट आहे.

सातव्या खेपेला वीस मिनिटं संपली. भाऊसाहेबांनी डोळे उघडले. मानेवर घामाच्या धारा, जबडा दुखतोय, पण चेहऱ्यावर बोर्डात आल्याचा आनंद.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आज एकदाही वाजली नाही!"

तनया त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका... बेल का वाजते असं वाटतं तुम्हाला?"

"का म्हणजे? माझं चुकलं की वाजते."

मग तनयाला जे हसू फुटलं, ते आवरेना. ती डोळे पुसायची, सॉरी म्हणायची आणि पुन्हा हसायची. शेवटी पाणी पिऊन ती म्हणाली, "काका, उलटं आहे हो! मेंदू निवांत झाला की बेल वाजते. ती शाबासकी आहे. पहिल्या दिवशी अकरा वेळा वाजली होती ना? अकरा वेळा तुमचा मेंदू मस्त निवांत झाला होता. आणि दर वेळी तुम्ही त्याला दटावून गप्प बसवलंत!"

भाऊसाहेब हसले नाहीत. कानाचे चिमटे तसेच, डोक्याला पेस्ट तशीच. ते जमिनीकडे बघत राहिले.

"शाबासकीची बेल?" ते म्हणाले. "अशी बेल असते, हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे सगळं नीट असलं की बेल वाजायचीच नाही हो. पाणी गरम आहे, गाडी वेळेवर आहे, जेवण आवडलंय, तर कशाला कुणी बटण दाबेल? वाजली म्हणजे काहीतरी बिघडलेलंच असायचं. चौतीस वर्षं." आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दुःख झालं म्हणावं तर तसंही नव्हतं. चौतीस वर्षं कुणीतरी आपल्या खांद्यावर हात ठेवून 'बरं चाललंय खरात' म्हणावं, असं आपल्याला वाटत होतं, हे त्यांना त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं.

तनयाने टिश्यूचा डबा पुढे केला. मग म्हणाली, "एक सांगू? सात सेशनमध्ये अकरावरून शून्यावर आणणारा माणूस मी पाहिलेला नाही. उलट्या दिशेने का होईना, पण केलंत ना? तुमचा मेंदू शिकतो, काका. फार फास्ट शिकतो. आता फक्त तोंड फिरवायचं त्याचं."

यावर मात्र भाऊसाहेबांना हसू आलं. आधी गालात आलं, मग पोटातून आलं. नाक पुसत, चिमट्यांसकट ते गदागदा हसले, आणि तनयाने हळूच स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवला, की बेल बंद केलेली नसती तर आत्ता वाजली असती.

"बेल बदलू का?" तिने विचारलं. "पाण्याचा आवाज ठेवता येतो. पक्षी आहेत. बासरी आहे."

भाऊसाहेबांनी विचार केला. "नको. बेलच ठेवा. माझं जे काही आहे ते तिच्याशीच आहे. मिटवायचं तर तिच्याशीच मिटवू."

त्यानंतरचं सगळं भराभरा झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आठव्या दिवशी बेल वाजली आणि भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बसा, बसा, शाबासकी आहे," तनया म्हणाली. नवव्या दिवशी नुसते खांदे उडाले. दहाव्या दिवशी सहा वेळा वाजली. निवांत व्हायचा प्रयत्न केला की बेल बंद. प्रयत्न सोडून हेमलताबाईंनी डब्यात काय दिलंय असल्या फालतू विचारात रमले की वाजायची. हे त्यांना फारच अन्यायाचं वाटलं. मेहनतीची काही किंमतच नाही म्हणजे!

सेशन झालं की गप्पा. एकदा तनयाने विचारलं, "काका, कधी बेल वाजलीय आणि तुम्ही उठला नाहीत, असं झालं?"

"नाही."

"समजा, नसता उठलात. काय झालं असतं?"

भाऊसाहेबांनी बराच वेळ आठवून बघितलं. भूकंप झाला असता, सरकार पडलं असतं, असं काहीतरी आत ठाम बसलेलं होतं. पण प्रत्यक्षात? "काउंटरवर शेजारी हरीश असायचा," ते सावकाश म्हणाले. "तो उठला असता." आणि स्वतःच चकित होऊन तिच्याकडे बघत राहिले. हरीश चांगला धडधाकट माणूस होता हो! चौतीस वर्षं बिचारा शेजारी बसून होता. त्याच्या खुर्चीची गादी दोनदा बदलावी लागली होती.

नोव्हेंबर लागेपर्यंत झोप सहा तासांवर गेली. कपबशी वाजेनाशी झाली. एका रविवारी भाऊसाहेब सरोजिनी नगरला मेट्रोत बसले ते आनंद विहारपर्यंत बसूनच गेले. हेमलताबाई समोर उभ्या होत्या, कारण त्यांना जागा मिळाली नव्हती. त्या रागावल्या नाहीत. नवऱ्याचा बसलेला फोटो काढून त्यांनी लेकीला पाठवला.

रेवतीने उलट शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. पण पाळणाघर काही रद्द केलं नाही. जवळच्याच सोसायटीत जागा नक्की केली होती, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून सृष्टी तिथे जाणार होती. भाऊसाहेब गेले की ती पोरीला त्यांच्या मांडीवर द्यायची. पण स्वतः हातभर अंतरावर बसायची. भाऊसाहेबांना ते दिसायचं. तिचं चुकतंय असंही त्यांना म्हणता येत नव्हतं. घरी येऊन ते हेमलताबाईंना म्हणाले, "मला बरं वाटतंय, हे मला कळतं. तिला कसं कळणार?"

पाळणाघर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारसाठी रेवतीला ऑफिसातून बोलावणं आलं. रुजू होण्याआधी एक मीटिंग, नोएडाला, अकरा ते तीन. अंशुमन बंगळुरूला गेलेला. पाळणाघर सोमवारपासून. हेमलताबाईंची रजा? संसदेचं अधिवेशन चालू. मंत्रालयात रजेचं नाव काढणं म्हणजे प्रलय. रेवतीने चार ठिकाणी फोन केले आणि शेवटी, दुसरा इलाजच उरला नाही तेव्हा, पाचवा फोन वडिलांना केला.

"बाबा, चार-पाच तासच आहेत."

"येतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांचं धाबं दणाणलं.

रेवतीने जाताना दोन पानी यादी दिली. नाचणीची पेज किती, पाणी किती कोमट, लंगोट कुठे, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या आंटींचा नंबर. दारातून ती तीनदा परत आली. "फोन जवळ ठेवा. मी करत राहीन."

आणि मग घरात आजोबा आणि नात, दोघंच.

पहिला तास छान गेला. दुसऱ्या तासात पेज सांडली. थोडी सृष्टीच्या केसात, थोडी आजोबांच्या चष्म्यावर. लंगोट उलटा लागला, काढला, पुन्हा उलटाच लागला. तिसऱ्यांदा सृष्टीने स्वतःच पाय असे झाडले की तो सुलटा बसला. मग तिने भोकाड पसरलं. झोप आली होती आणि झोपायचं नव्हतं. भाऊसाहेबांनी पाळणा हलवला, खुळखुळा वाजवला, नगरकडची असतील नसतील ती गाणी म्हटली. पोर हटेना. छातीत ती ओळखीची धडधड सुरू झाली. आता काय करू? कुणाला बोलावू? आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण दातावर दात धरलेत. आपण प्रयत्न करतोय.

ते थांबले. गॅलरीच्या दारातून हिवाळ्याचं ऊन आत सतरंजीवर पडलं होतं. तिथे त्यांनी जाड गोधडी घातली, कडेला उशा लावल्या, पोरीला ठेवलं आणि तिच्या शेजारी स्वतः आडवे झाले. काही केलं नाही. नुसते पडून राहिले. छताकडे बघत हेमलताबाईंनी आज डब्यात काय दिलं असेल याचा विचार करत राहिले. जरा वेळाने रडणं कुरकुरीवर आलं, कुरकुर उसाशावर आली. एक छोटासा हात शोधत शोधत आला आणि त्यांचं बोट धरून स्वस्थ झाला.

तेवढ्यात आतल्या टेबलावर फोन वाजला.

भाऊसाहेबांचे पाय आखडले, मान उचलली गेली. दुसरी रिंग. तिसरी. जन्मात तिसरी रिंग त्यांनी ऐकली नव्हती. उठायचं तर बोट सोडवावं लागणार होतं. त्यांनी त्या मुठीकडे बघितलं. वाजू दे, त्यांच्या मनात आलं. इथे सगळं नीट चाललंय. फोन वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला, तोपर्यंत ऊन त्यांच्या पोटावर आलं होतं आणि त्यांचे डोळे मिटायला लागले होते.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. समोर रेवती जमिनीवर बसलेली. खांद्यावर पर्स तशीच, केस विस्कटलेले, पायात एकच चप्पल.

भाऊसाहेबांनी आधी पोरीकडे बघितलं. बोट अजून मुठीत होतं. ते पडल्या पडल्या पुटपुटले, "चुकलं बाळा. फोन... मी उचलला नाही."

"अकरा फोन केले," रेवती म्हणाली. "शेजारच्या आंटींनी चार वेळा दाराची बेल वाजवली. मी मीटिंग टाकून आले, बाबा. नोएडापासून इथपर्यंत कशी आले ते माझं मला माहीत. माझ्याकडच्या किल्लीने कुलूप उघडलं, तर..." तिने एकदा त्या दोघांकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि मग तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"ओरड मला," भाऊसाहेब म्हणाले. "हक्क आहे तुझा."

रेवतीने मान हलवली. "अर्धा तास झाला मी इथे बसलेय. ओरडायलाच आले होते. पण बाबा, मी तेहेतीस वर्षांची झाले. तुम्हाला झोपलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं."

सृष्टीच्या श्वासाचा तेवढा आवाज येत होता. रेवतीने पर्स खाली ठेवली. फोन काढला, पाळणाघराचा नंबर लावला आणि पलीकडून हॅलो म्हटल्याबरोबर तिचा तो ऑफिसातला खणखणीत आवाज सुरू झाला. "हाँ जी, मैं रेवती बोल रही हूँ, वो मंडे से जो बच्ची आनी थी, अब वो नहीं..."

भाऊसाहेबांनी मोकळा हात वर केला.

"हळू बोल गं," ते म्हणाले. "उठेल ती."